रांग आपली, दिवसही आपला

कुणी भाजी निवडत असेल, कुणी गोठ्यात असेल, कुणी शिलाई मशीनवर बसली असेल. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे असू द्या. आज आपण सहलीबद्दल बोलणार आहोत. तिथल्या गर्दीबद्दल आणि रांगेबद्दल.

आपल्या बचत गटांची सहल म्हणजे आजवर देवदर्शन ठरलेलं. अष्टविनायक, नाहीतर शिर्डी, नाहीतर कोल्हापूरची अंबाबाई. पण गेल्या दोन-तीन वर्षांत गटांच्या बैठकीत नवीनच नाव निघायला लागलंय. लेकी-सुना म्हणतात, एकदा पाळण्यांच्या पार्कात जाऊ. म्हणून आमच्या गटाच्या अठ्ठावीस जणी फेब्रुवारीत खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जाऊन आलो. २०१३ साली सुरू झालेलं, मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेपासून जवळच असलेलं हे पार्क. आम्ही परत आल्यापासून आजूबाजूच्या गावांतले गट विचारतात, कसं केलं, किती वेळ उभं राहावं लागलं, म्हातारी माणसं नेली तर चालेल का. त्या सगळ्यांना आज एकदाच सांगतो.

आधी एक गोष्ट मोकळेपणानं बोलू या. आपल्या बायकांची सहल ही नुसती सहल नसते. तिच्यासाठी घरात परवानगी घेतलेली असते, दोन दिवसांच्या भाकरी-भाजीची सोय लावलेली असते, म्हशीची धार काढायला शेजारणीला सांगितलेलं असतं. अशा सहलीला जाऊन बाई उन्हात तीन तास रांगेत उभी राहिली, दोन पाळणे बघून पाय सुजवून घरी आली, की पुढच्या वर्षी घरातून एकच वाक्य येतं: "मागं गेली होतीस ना, काय मिळालं?" म्हणून सहल चांगली पार पाडणं हे गटाचं कामच आहे. आणि पार्कात दिवस चांगला जाणं न जाणं हे बरंचसं रांगेवर असतं.

रांग आपल्याला नवी नाही. टँकरची रांग, रेशनची रांग, बँकेत केवायसीची रांग, सरकारी दवाखान्यात केसपेपरची रांग. पण त्या सगळ्या रांगांत आपण घरासाठी उभ्या राहतो. पार्कातली रांग ही आपल्या स्वतःच्या मौजेची. म्हणूनच बहुतेक जणी तिचा विचार करत नाहीत. जे होईल ते सोसायचं, असं म्हणून बसतात. आमचं म्हणणं, गटाचा हिशोब आपण जसा मांडतो तसाच या रांगेचा हिशोब घरून निघण्याआधी मांडायचा.

पहिला हिशोब दिवसाचा. शनिवार, रविवार, दिवाळीची सुट्टी, नाताळ, मे महिना आणि सलग आलेल्या सुट्ट्या टाळा. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली असतात, त्यामुळे तेव्हा आडवारीसुद्धा गर्दी सापडते. दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर आल्या की शहरातली घरं सहली काढत नाहीत. आपलीही शेतातली कामं तेव्हा जराशी हलकी असतात. म्हणून आम्ही फेब्रुवारीतला बुधवार धरला. पार्क त्या दिवशी चालू आहे ना आणि आदल्या-नंतरच्या दिवशी सरकारी सुट्टी नाही ना, हे दोन्ही बघून घ्या. बऱ्याच पार्कांत तिकिटाचा दर दिवसाप्रमाणे बदलतो. गर्दीचा दिवस महाग, आडवार स्वस्त. गटातल्या शिकलेल्या मुलीला मोबाइलवर दोन-तीन तारखांचे दर काढायला सांगा. गटासाठी वेगळी सवलत आहे का, तेही फोन करून विचारा.

पैशाचं थोडक्यात सांगतो. गटाच्या बचतीला आणि अंतर्गत कर्जाच्या पैशाला सहलीसाठी हात लावायचा नाही. आम्ही वेगळी भिशी केली. दर महिन्याला प्रत्येकीचे १५० रुपये, बारा महिन्यांचे झाले १,८०० रुपये. अठ्ठावीस जणींचे ५०,४०० रुपये. वहीत त्याचं पान वेगळं. घरात कुणी विचारलं तर पान उघडून दाखवता आलं पाहिजे.

दुसरा हिशोब वेळेचा. दार उघडायच्या अर्धा तास आधी दारात पोचायचं. आम्ही सासवडहून पहाटे साडेपाचला बस सोडली. बहुतेक पार्कांत बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, म्हणून धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही हे सगळं बसमध्येच खाऊन घेतलं. लहान बाळाचं खाणं आणि औषधं यांची मात्र सोय असते. ती कशी, हे आधी विचारून ठेवावं.

आत शिरल्यावर सगळी माणसं दाराजवळच्या पहिल्याच पाळण्याला लागतात. तिथं थांबू नका. आधी ठरवलेल्या, सगळ्यांना हव्या असलेल्या पाळण्याकडे सरळ चालत जा. इमॅजिकात नायट्रो नावाची उलटी-पालटी फिरणारी मोठी गाडी आहे, तिचं आकर्षण तरुण पोरींना फार. ज्यांना ती हवी त्यांनी सकाळीच तिकडे जावं. दुपारी ऊन चढलं की आत बसायचे खेळ घ्यावेत. मिस्टर इंडिया या सिनेमावरचा खेळ आहे, भारतावरून उडत गेल्यासारखं वाटतं तो आय फॉर इंडिया आहे. जेवायला बाराला निघालात तर जेवणाचीही रांग लागते. साडेअकराला जेवा, नाहीतर दोननंतर. सगळे जेवत असतात तेव्हा पाळण्यांच्या रांगा जरा ओसरतात. संध्याकाळी पुन्हा बाहेरचे पाळणे घ्या.

आणि सगळं बघायचा हट्ट सोडा. तिकीट काढलंय म्हणून वसूल करायचं, असं म्हणत धावणारी बाई शेवटी काहीच धड बघत नाही. निघण्याआधीच्या बैठकीत प्रत्येकीनं आपापल्या चार गोष्टी सांगितल्या. नक्की हव्यात त्या चार. त्या झाल्या की वरचं सगळं नफ्यात.

तिसरा हिशोब आम्हाला सगळ्यात उपयोगी पडला. रांगेत शिरायच्या आधी दोन मिनिटं बाजूला उभं राहून मोजायचं. एका खेपेला किती माणसं बसतात? एक खेप सुटल्यापासून दुसरी सुटेपर्यंत किती मिनिटं जातात? आपल्या पुढं अंदाजे किती माणसं आहेत? समजा एका खेपेला २० बसतात, चार मिनिटांनी खेप सुटते आणि पुढं १६० माणसं आहेत. १६० भागिले २०, म्हणजे ८ खेपा. ८ गुणिले ४, म्हणजे ३२ मिनिटं. बाजूला जादा पैसे भरलेल्यांची रांग असेल तर त्यात थोडी भर घाला. गटाचं व्याज काढणाऱ्या बाईला हे गणित जड नाही. आकडा कळला की ठरवता येतं, उभं राहायचं की पुढं जायचं. शिवाय किती वेळ थांबायचं हे माहीत असलं की थांबणं निम्मं हलकं होतं. डेव्हिड मेस्टर नावाच्या अभ्यासकानं १९८५ साली रांगेतल्या माणसाच्या मनावर लेख लिहिला, त्यात हेच सांगितलंय. किती वेळ लागणार हे माहीत नसलं की वेळ लांबतो. हाताला-तोंडाला काम नसलं की लांबतो. आपल्यावर अन्याय होतोय असं वाटलं की लांबतो. एकट्यापेक्षा सोबतीनं थांबलं तर मात्र कमी वाटतो. बस स्टँडवर बसणाऱ्या कुठल्याही बाईला हे पटेल.

हाताला-तोंडाला काम आपल्याकडे भरपूर. आमच्या बायकांनी रांगेत उखाण्यांची फेरी लावली. एकीनं तिथल्या तिथं जुळवला: "पाळण्याच्या रांगेत उभी, दुखले माझे पाय, राव घरी विचारतील, तिथं एवढं होतं काय!" पुढचे-मागचे शहरातले लोकही हसायला लागले आणि त्यांच्यातल्या एका सूनबाईला आम्ही उखाणा घ्यायला लावला. त्या रांगेतले चाळीस मिनिट कसे गेले कळलं नाही.

जादा पैसे भरून छोट्या रांगेतून जाण्याबद्दल बरेच गट विचारतात. अमेरिकेतल्या डिस्नेच्या पार्कांनी १९९९ साली फास्टपास नावाची सोय काढली. आपली वेळ लिहिलेली चिठ्ठी घ्यायची, तोवर दुसरीकडे फिरायचं आणि वेळेवर यायचं. तेव्हा ती फुकट होती. २०२१ पासून तिथंही त्या जागी पैसे मोजायची सोय आली. आपल्याकडेही आता पैसेवाल्यांची रांग वेगळी असते, देवळात असते तशी. आमचं मत असं: आडवार धरलात, सकाळी लवकर पोचलात, तर त्या पैशांची गरज नाही. आणि घ्यायचीच तर सगळ्यांनी घ्यायची. दहा जणी पुढच्या दारानं आणि अठरा जणी मागच्या दारानं, असं गटात करू नये. त्याची सल वर्षभर बैठकीत राहते.

आता माणसांची मांडणी. आपल्या पुरंदरातल्या बायकांना वारी सांगायला नको. माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला येते, तेव्हा लाखभर माणसांतही दिंडी फुटत नाही. कारण रथापुढं कोण, रथामागं कोण, कुठल्या नंबरची दिंडी कुठं, हे ठरलेलं असतं. तसंच आम्ही केलं. पाच-सहा जणींची एक तुकडी, अशा पाच तुकड्या. मोठ्या पाळण्यांत बसणाऱ्या एका तुकडीत, लेकरं असणाऱ्या एका तुकडीत, हळू चालणाऱ्या एका तुकडीत. प्रत्येक तुकडीत एक फोन चार्ज केलेला. भेटायची जागा एक आणि वेळा दोन: दुपारी दोन आणि संध्याकाळी साडेसहा. आवाजात फोन ऐकू येत नाही, म्हणून ठरलेल्या वेळेवर भरवसा ठेवायचा. लेकरांच्या खिशात आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्या मावश्यांच्या पाकिटात नाव आणि दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. लेकरू चुकलं तर सगळ्यांनी चहूकडे पळायचं नाही. एक जण जागेवर थांबेल, एक जण जवळच्या गणवेशातल्या माणसाला सांगेल. लेकराला आधीच शिकवा, चुकलास तर जिथं आहेस तिथं उभा राहा.

आता थोडं टोचणारं बोलतो. प्रत्येक सहलीत एक बाई पिशव्या राखत बसते. कुणी तिला सांगत नाही, तीच म्हणते, "जावा तुम्ही, मी बसते." घरी जी सगळ्यांच्या शेवटी जेवते, तीच इथं दिवसभर बाकावर बसते. तिनंही १,८०० रुपये भरलेत. म्हणून आम्ही दोन लॉकर भाड्यानं घेतले आणि भाडं अठ्ठावीस जणींत वाटलं. प्रत्येकीच्या वाट्याला किरकोळ रक्कम आली. जिथं पिशव्या राखाव्याच लागल्या, तिथं पाळीपाळीनं अर्धा अर्धा तास. आमच्यातली एक साठीची मावशी पाळण्यात बसणार नाही, असं सांगूनच आली होती. तिला कुणी बळजबरी केली नाही. पण पिशव्या सुटल्यावर ती आय फॉर इंडियात जाऊन बसली. बाहेर येऊन म्हणाली, "आपला देश वरनं एवढा हिरवा दिसतो व्हय!" नंतर तीच दुसऱ्यांदा रांगेत उभी होती.

आता पाणी आणि बाथरूम. सहलीला निघालेली बाई पाणीच पीत नाही, कारण जायची सोय कुठं मिळेल याची धास्ती. मग दुपारी डोकं दुखतं, चक्कर येते, घरी आल्यावर लघवीला जळजळ. अशा पार्कात संडास-बाथरूमची सोय असते. तिचा हक्कानं वापर करायचा. १७ जुलै १९५५ ला अमेरिकेत कॅलिफोर्नियात डिस्नेलँड सुरू झालं, तेव्हाची गोष्ट सांगतो. खोटी तिकिटं छापली गेली, बोलावल्यापेक्षा कितीतरी जास्त, सुमारे २८,००० माणसं आली. ऊन एवढं की नव्या डांबरात बायकांच्या उंच टाचा रुतल्या. त्याआधी नळ बसवणाऱ्या कामगारांचा संप झाला होता. त्यामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ सगळे सुरू करायचे की संडास, असा प्रश्न मालकापुढं आला. त्यानं संडास निवडले. पाणी नाही म्हणून लोक त्याच्यावर चिडले, पण कोट्यवधी रुपयांचं पार्क बांधणाऱ्यालाही बाथरूमच्या सोयीचा विचार आधी करावा लागला, हे ध्यानात घ्या. आपण तर त्यासाठी लाजायचं काहीच कारण नाही.

म्हणून नियम असा: आत शिरल्यावर आधी बाथरूम कुठं आहे ते बघायचं. मोठ्या रांगेत शिरायच्या आधी जाऊन यायचं. दर अर्ध्या तासाला चार घोट पाणी. रांगेत असताना जावंसं वाटलं तर तुकडीतल्या दुसरीला सोबत घेऊन जायचं, पुढच्या-मागच्यांना सांगून जायचं. पाळी असेल तर दोन जादा पॅड, एक जुना कागद आणि बदलायचा परकर जवळ ठेवा. पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या दुसरीचं ऐकून घेऊ नका. बीपी असेल, पायात गाठीचा त्रास झालेला असेल, मूल अंगावर पीत असेल, तर आशाताईंशी आणि डॉक्टरांशी बोलूनच काय ते ठरवा. पाळी आली म्हणून सहल बुडत नाही.

ज्या ताई गरोदर आहेत, ज्यांना हृदयाचा, बीपीचा, मणक्याचा त्रास आहे, त्यांनी जोराच्या पाळण्यात बसू नये. लेकरांसाठी उंचीची अट असते. तासभर रांगेत थांबून शेवटी लेकराला परत पाठवलं की ते रडतं आणि आपलाही जीव कळवळतो. म्हणून रांगेच्या तोंडाशीच उंचीची पट्टी बघून घ्या. कपड्यांचं म्हणाल तर पंजाबी ड्रेस सोयीचा, पण ओढणी घरी ठेवा किंवा घट्ट बांधा. साडी असेल तर पदर खोचून पिन लावा. नऊवारीवाल्या मावश्यांचा काष्टा या कामाला सगळ्यात चांगला. मोकळे केस बांधा. मंगळसूत्र आत घाला, शक्यतो सोनं घरीच ठेवा. पायात पट्ट्याची चप्पल किंवा बूट.

शेवटचं सांगतो, ते नीट ऐका. पार्क असो, जेजुरीची सोमवती असो, नाहीतर रेल्वेचा पूल. २५ जानेवारी २००५ ला वाईजवळ मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली, २९० हून जास्त माणसं गेली. चिंचोळी वाट, नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या, मागून येणारा लोंढा. अशा गर्दीत माणूस नुसता तुडवला जाऊनच मरतो असं नाही. छातीवर चहूबाजूंनी दाब आला की श्वासच घेता येत नाही, उभ्या माणसाचा जीव जातो. म्हणून खूण लक्षात ठेवा. चारी बाजूंनी अंग घासायला लागलं, हात वर करून तोंडावरून फिरवता येईना, की गर्दी धोक्याची झाली. त्याच्या आधीच बाहेर पडायचं, पाळणा असो की देव. अडकलातच तर हात छातीपुढं घडी घालून धरा, म्हणजे श्वासाला जागा राहते. लोंढ्याच्या उलट ढकलू नका. लाट थांबली की तिरकं तिरकं कडेला सरका. भिंत, कठडा, बंद दार यांच्यापासून लांब राहा. लेकराला उचलून घ्या. चप्पल, पर्स, मोबाइल, काहीही पडलं तरी वाकायचं नाही. पडलातच तर कुशीवर होऊन गुडघे पोटाशी घ्या, हातांनी डोकं झाका आणि संधी मिळताच उठा. हे आपल्या सासूला, सुनेला, शाळेत जाणाऱ्या लेकरांनाही सांगा.

ताईंनो, एवढं सगळं ऐकून कुणाला वाटेल, मौज करायला जायचं तर एवढी तयारी कशाला? आपण लग्नाच्या पंगतीची तयारी करतो, जत्रेची करतो, आपल्यासाठी कधी करत नाही, म्हणून. आमच्या अठ्ठावीस जणींनी त्या दिवशी कुणी पाच, कुणी सात खेळ बघितले. बसमध्ये परतताना कुणाच्या पायाला गोळे आले होते, कुणी घाटातच झोपली. पण दुसऱ्या दिवशी घरी "काय मिळालं?" असं विचारल्यावर प्रत्येकीकडे सांगायला काहीतरी होतं. पुढच्या वर्षाच्या भिशीला दोन सासूबाईंनी आपणहून नाव घातलंय.

तर तुमच्या गटाची पुढची मासिक बैठक होईल, तेव्हा कर्जवसुली झाल्यावर दहा मिनिटं यासाठी ठेवा. तीन गोष्टी ठरवून वहीत लिहा. कुठला आडवार, कुणाची कुठली तुकडी, आणि पिशव्या पाळीपाळीनं कोण राखणार. शेवटची गोष्ट लिहायला विसरू नका. उन्हात पाणी पीत राहा, एकमेकींना सोडू नका. पुढच्या आठवड्यात याच वेळी भेटू या, तोपर्यंत नमस्कार.